गावच्या जुन्या रेल्वे स्टेशनचा इतिहास लिहायचा तर

मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या स्टेशनाबद्दल गावात विचारा, "निजामाच्या काळातले आहे" हे उत्तर ठरलेले. बहुतेक वेळा ते खरेही असते, पण त्यातून हाती काही लागत नाही. निजामाची राजवट सव्वादोनशे वर्षांची, आणि मराठवाड्यातली रेल्वे त्यातल्या शेवटच्या पन्नासेक वर्षांतली. शिवाय मार्ग एका साली झालेला असतो, इमारत दुसऱ्या, मालधक्का तिसऱ्या, आणि पत्र्याचे छप्पर तर परवाचे.

म्हणून "स्टेशन कधीचे?" हा प्रश्न आधी फोडून घ्या. गावावरून पहिली गाडी कधी गेली, गाडी इथे थांबायला कधी लागली, आज उभी असलेली इमारत कधी बांधली, रूळ कधी बदलले, नाव कधी बदलले. वहीत प्रत्येक प्रश्नाला वेगळे पान द्या. स्थानिक स्मरणिकांमधल्या बऱ्याच चुका एका पानावरचे साल दुसऱ्या पानावर गेल्याने होतात: मार्ग सुरू झाल्याचे साल सर्रास इमारतीच्या फोटोखाली छापले जाते.

आधी मार्ग ओळखा

सगळा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, पण सगळी रेल्वे निजामाची नव्हती. मनमाड ते सिकंदराबाद हा मार्ग हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा. तो मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला, होता आणि १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. रोटेगाव, लासूर, जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड, उमरी, धर्माबाद ही सगळी स्टेशने याच मार्गावरची. पूर्णा-हिंगोली फाटा १९१२ चा. परळी-विकाराबाद मार्ग, म्हणजे लातूर रोड, उदगीर वगैरे, १९३० च्या आसपासचा आणि तो सुरुवातीपासूनच ब्रॉडगेज, म्हणजे आजच्या रुंद रुळांचा. तिथे मीटरगेजच्या खुणा शोधत बसलात तर वेळ वाया जाईल.

लातूरची गोष्ट वेगळी. येडशी, ढोकी, मुरूड, लातूर या बाजूला आली ती बार्शी लाइट रेल्वे. ही खासगी कंपनीची गाडी ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजवर धावायची. बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ चा आणि लातूर १९११ चे. या स्टेशनांना "निजामाची रेल्वे" म्हणणे चूक आहे. जमीन निजामाच्या राज्यातली, गाडी कंपनीची. सरकारने ही कंपनी १९५४ साली ताब्यात घेतली.

मालकी का पाहायची? तर कागद मालकाच्या मागे जातात. गोदावरी व्हॅलीचा मार्ग निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे ही कंपनी चालवत होती. १ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारने कंपनी विकत घेतली आणि ती निजाम्स स्टेट रेल्वे झाली. ५ नोव्हेंबर १९५१ ला ती मध्य रेल्वेत गेली, २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि १ एप्रिल २००३ ला नांदेड विभाग सुरू झाला. त्यामुळे परतूरचा १९५८ चा कागद मध्य रेल्वेच्या शिक्क्याचा असेल, १९७० चा सिकंदराबादच्या शिक्क्याचा. आज अर्ज कुठे करायचा, तेही यावरूनच ठरते. मनमाड ते मुदखेड नांदेड विभागात, उमरी-धर्माबाद हैदराबाद विभागात, परळी-विकाराबाद सिकंदराबाद विभागात, आणि लातूर-धाराशिव मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. चुकीच्या विभागाकडे अर्ज गेला की महिना हकनाक जातो.

स्टेशनाच्या नावात "रोड" असेल तर गाव रुळापासून लांब आहे असे समजा. मानवत रोड, लातूर रोड ही उदाहरणे. वैजापूरचे स्टेशन तर रोटेगाव नावाने आहे. अशा ठिकाणी गावाचा आणि स्टेशनचा इतिहास वेगवेगळा शोधावा लागतो, कारण स्टेशनाभोवती नंतर वसलेली वस्ती जुन्या नोंदींत गावाच्या नावाने सापडत नाही.

जागेवर काय पाहायचे

दोन माणसे, ३० मीटरचा टेप, खडू, टॉर्च, वही आणि मोबाइल एवढे पुरे. आधी स्टेशन मास्तरांना भेटा, काय करणार ते सांगा, प्लॅटफॉर्म तिकीट काढा. चालू रुळांवर उतरू नका. तो रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि मीटरगेजच्या बहुतेक खुणा चालू रुळावर नसतातच. त्या सापडतात कुंपणात, बंद सायडिंगमध्ये, गुदामाच्या छपरात.

जुन्या रुळाचे तुकडे सगळीकडे दुसऱ्या कामाला लावलेले असतात: कुंपणाचे खांब, शेडचे आधार, प्लॅटफॉर्मवर टांगलेली घंटा. रुळाची उभी पट्टी, म्हणजे वरचा माथा आणि खालचा पाया यांच्या मधला भाग, नीट पाहा. तिच्यावर कारखान्याचे नाव, वजन आणि साल उठावात उमटवलेले असते. गंज आणि डांबरामुळे समोरून काही दिसत नाही. खडू आडवा धरून पट्टीवर हलक्या हाताने घासा, म्हणजे उठाव तेवढा पांढरा होतो. किंवा संध्याकाळी टॉर्च पट्टीला जवळजवळ चिकटवून बाजूने उजेड टाका, सावलीत अक्षरे उभी राहतात. तारेचा ब्रश वापरू नका, गंजाबरोबर अक्षरेही जातात. महिना असलाच तर तो बहुधा रोमन आकड्यांत किंवा उभ्या रेघांत असतो.

वजन यार्डामागे पौंडांत लिहिलेले असते. ते निम्मे केले की मीटरमागे साधारण किती किलो ते कळते: ५० पौंडी रूळ म्हणजे मीटरला पंचवीसेक किलो. बार्शी लाइट रेल्वे सुरुवातीला ३० पौंडी रुळांवर धावली, तेव्हा लातूरकडच्या कुंपणात इतका हलका रूळ दिसला तर त्याचा फोटो माप ठेवून काढाच. आता महत्त्वाचे: रुळावरचे साल हे रूळ कारखान्यात तयार झाल्याचे साल आहे, टाकल्याचे नव्हे. एका मार्गावरून काढलेला रूळ दुसरीकडे सायडिंगला, म्हणजे बाजूच्या जोडरुळाला, जातो, तिथून कुंपणाला. म्हणून त्यावरून एवढेच म्हणता येते, की हे कुंपण त्या सालाआधीचे नाही.

कौलांचेही तसेच, आणि इथे फसगत हमखास होते. जुन्या स्टेशनांवर आणि गँगमनच्या चाळींवर मंगलोरी कौले असतात. कौल उलटे केले की कारखान्याचा छाप दिसतो. बासेल मिशनच्या कौलांवर १८६५ आणि अल्बुकर्कच्या कौलांवर १८६८ असे आकडे असतात. ती कारखान्यांच्या स्थापनेची साले आहेत. १८६५ साली मराठवाड्यात रेल्वे नव्हतीच, तरी "दीडशे वर्षांपूर्वीचे स्टेशन" असे फलक याच कौलांवरून लागतात. छापात कॉमनवेल्थ ट्रस्टचे नाव असेल तर कौल पहिल्या महायुद्धानंतरचे, कारण युद्धानंतर बासेल मिशनचे कारखाने त्या कंपनीकडे गेले. छपराच्या लोखंडी तुळयांवरही गिरणीचे नाव उठावात असते, तेही टिपा.

इमारतीत उंबरे तपासा. मीटरगेजचे प्लॅटफॉर्म बहुतेक ठिकाणी बुटके होते. ब्रॉडगेज झाल्यावर उंच प्लॅटफॉर्म आले, रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर. त्यामुळे जुनी इमारत प्लॅटफॉर्मपेक्षा खाली गेलेली दिसते, दाराशी एक-दोन पायऱ्या उतराव्या लागतात, किंवा खिडकीचा कठडा गुडघ्याएवढ्या उंचीवर आलेला असतो. तिकीट खिडकी विचित्र खाली असेल तर इमारत गेज बदलाच्या आधीची असण्याची दाट शक्यता. उंबऱ्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंतची उंची मोजून लिहा. नुसते "खाली आहे" असे लिहिले तर पुढच्या अभ्यासकाला त्याचा उपयोग नाही.

भिंतीत काळा पाषाण आणि चुना असेल तर जोडांमध्ये सिमेंटची भर कुठे आहे ते पाहा. तिथे दार-खिडकी बुजवलेली असते. मराठवाड्यातल्या जुन्या स्टेशनांत अशा बुजवलेल्या कमानी बायकांच्या वेटिंग रूमच्या किंवा पार्सल ऑफिसच्या निघतात. आराखडा काढताना त्या तुटक रेघेने दाखवा.

पाण्याची टाकी, इंजिनाला पाणी देणारा खांब, राख टाकायचा खड्डा, इंजिन फिरवायचे टर्नटेबल, केबिन, मालधक्का: यांतले जे उरले असेल त्याचे माप, फोटो आणि मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घ्या. बाकी फार खोलात जायची गरज नाही, एक मात्र सांगायलाच हवे. अमृत भारत स्टेशन योजनेत अनेक स्टेशनांचे काम सुरू आहे. तुमचे स्टेशन त्यात असेल तर कागद नंतर शोधा, आधी फोटो काढा. कागद दफ्तरात राहील, भिंत राहणार नाही.

रूळ हलला असेल तर

गेज बदलताना काही ठिकाणी मार्गच सरकला. कुर्डुवाडी-लातूर नॅरोगेज धाराशिव शहराला शिवत नव्हती. २००७-०८ च्या सुमारास झालेली ब्रॉडगेज शहराजवळून नेली. जुना मार्ग शोधायला उपग्रह नकाशा उघडा. शेतांच्या चौकोनी बांधांमधून एक अरुंद पट्टी मोठ्या वळणाने जाताना दिसते, तिच्यावर बाभळी माजलेल्या असतात आणि ओढ्याशी दगडी मोरी असते. बैलगाडीची वाट कोपऱ्यात वळते, रेल्वेची पट्टी कधीच तशी वळत नाही. खात्री करायला सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे घ्या. जालना आणि छत्रपती संभाजीनगर ४७ एम या शीटमध्ये येतात, परभणी ५६ ए, लातूर ५६ बी, नांदेड ५६ ई. मग गट नंबर काढून सातबारा पाहा, मालकीच्या रकान्यात रेल्वेचे नाव अजून असू शकते.

कागदपत्रे

सुरुवात सोप्याकडून करा. इंपीरियल गॅझेटियरच्या मालिकेतला हैदराबाद संस्थानाचा १९०९ चा खंड आणि महाराष्ट्र शासनाचे जिल्हा गॅझेटियर इंटरनेटवर वाचायला मिळतात. औरंगाबाद जिल्ह्याचे १८८४ चे गॅझेटियर रेल्वेच्या आधीचे आहे, म्हणूनच कामाचे: गाडी येण्यापूर्वी गावात बाजार किती मोठा होता, कापूस कुठून कुठे जायचा, ते त्यावरून कळते. त्यानंतर १८९१ आणि १९०१ च्या जनगणनेतली गावाची लोकसंख्या शेजारी ठेवा. लोकसंख्या घटली म्हणून रेल्वेला दोष देऊ नका, १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ नेमका याच वेळचा आहे.

निजाम सरकारचे वार्षिक अहवाल आणि जरीदा, म्हणजे सरकारी राजपत्र, हैदराबादला तारनाका येथील तेलंगणा राज्य अभिलेखागारात पाहायला मिळतात. जरीदा उर्दूत आहे. वाचक शोधायला लांब जायला नको. गावातल्या उर्दू शाळेचे निवृत्त शिक्षक, वक्फचे किंवा महसुलाचे जुने कागद पाहिलेले वकील हे काम आपुलकीने करतात. त्यांचे नाव श्रेयात छापा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावर रेसिडेन्सीच्या, म्हणजे हैदराबादेतल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या कचेरीच्या, फायली शोधता येतात. शोधताना गावाचे नाव तीन-चार स्पेलिंगांनी टाकून पाहा.

इथे फसली सनाचा घोटाळा होतो. निजामाच्या राज्यात सरकारी कागद फसली सनाचे, म्हणजे महसुली कालगणनेचे. हे वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यात सुरू व्हायचे. क्रम असा: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखांना ५९० मिळवा, जानेवारी ते सप्टेंबरच्या तारखांना ५९१. खुर्दाद १३१० म्हणजे साधारण एप्रिल १९०१. सरसकट ५९० मिळवणारे वर्षभराने चुकतात. बहमन महिना बहुतेक डिसेंबरात येतो, पण त्याचे शेवटचे काही दिवस जानेवारीत जातात, तेव्हा तारीख तपासल्याशिवाय साल लिहू नका. नुसते "१३१० फसली" असेल तर "१९००-०१" असे जोडसालच छापा.

रकमा लिहिताना नाणे लिहा. हैदराबादचा हाली रुपया आणि इंग्रजी कलदार यांची किंमत एक नव्हती, साधारण ७ हालीला ६ कलदार. १९०६ च्या आधीच्या वेळापत्रकातली वेळही आजची नव्हे. तेव्हा रेल्वे मद्रास वेळेवर चालायची आणि ती आजच्या घड्याळाच्या नऊ मिनिटे मागे.

रेल्वेचे स्वतःचे कागद माहितीच्या अधिकारातून मागा. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, ए-फोर प्रतीला पानामागे २ रुपये. मजकूर ५०० शब्दांच्या आत ठेवा. "स्टेशनचा इतिहास द्यावा" असे मागितले तर "माहिती उपलब्ध नाही" हेच उत्तर येते, कारण कार्यालयाला हातात असलेला कागद द्यायचा असतो, नवा लिहून नव्हे. म्हणून कागदाचे नाव घेऊन मागा: गेज बदलापूर्वीचा आणि नंतरचा यार्ड प्लॅन, बिल्डिंग रजिस्टरमधले या स्टेशनचे पान, ब्रिज रजिस्टरमधल्या अमुक ते तमुक किलोमीटरमधल्या नोंदी, जमिनीचा लँड प्लॅन. शेवटी "अभिलेख प्रत्यक्ष पाहू द्यावेत" ही ओळ घाला. पहिला तास फुकट असतो, पुढे तासाला ५ रुपये. जुने नकाशे झेरॉक्समध्ये काळेठिक्कर येतात, त्यामुळे पाहणी मागणे केव्हाही चांगले. उत्तर नाही आले तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करा.

तिकिटे आणि फोटो

घराघरांत, विशेषतः जुन्या पोथ्यांत आणि हिशेबाच्या वह्यांत, पुठ्ठ्याची छोटी तिकिटे सापडतात. तारखेचा ठसा पुसला असेल तरी काळ ठरवता येतो. भाडे आण्यांत असेल तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीचे, नव्या पैशांत असेल तर १९५७ ते १९६४ मधले. तिसरा वर्ग छापला असेल तर १९७४ च्या पुढचे नाही. कंपनीच्या आद्याक्षरांवरून काळ आणखी आवळता येतो, वर दिलेल्या मालकीच्या तारखा त्यासाठीच पाठ हव्यात. तिकीट किंवा फोटो घरी घेऊन जाऊ नका. मालकाच्या ओसरीवरच ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागची बाजूही करा. वरातीच्या, सत्काराच्या फोटोंत नवरदेवापेक्षा मागचा नामफलक कामाचा: त्यावर कोणत्या भाषा आहेत, समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत आहे की मीटरमध्ये.

माणसांना विचारताना

"स्टेशन कधी झाले?" हे विचारू नका. ऐकलेले सांगतील. स्वतः पाहिलेले विचारा: इंजिन पाणी कुठे घ्यायचे, दिवसाला किती गाड्या, टोकन (गाडीला पुढच्या स्टेशनापर्यंत जायची परवानगी) कोण द्यायचे, रुईच्या गाठी मोंढ्यातून धक्क्यावर कशा यायच्या, बैलगाड्या कुठपर्यंत लागायच्या, हमालांची मजुरी गाठीवर की वजनावर. साल काढायचे तर आठवणीला खुंटी द्या. १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या आधी की नंतर? बहात्तरच्या दुष्काळात धान्य याच धक्क्यावर उतरले का? किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर १९९३ ला, गाडी छोट्या रुळावर होती की मोठ्या? मनमाडकडून परभणीच्या दिशेने ब्रॉडगेज नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे हा एक प्रश्न बरेच काही ठरवून जातो. लातूरकडे एप्रिल २०१६ ची मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे सगळ्यांना आठवते.

गँगमन, पॉइंट्समन, खलाशी यांच्याकडे आधी जा, पुढाऱ्यांकडे नंतर. ज्याने रात्री कंदील घेऊन काटा बदलला त्याला यार्डातली प्रत्येक लाइन ठाऊक असते. त्यांना कागदावर यार्ड काढायला सांगा. बोलून जे आठवत नाही ते हात काढतो. एकच गोष्ट दोघांना वेगवेगळी विचारा, एकत्र बसवले की मोठा बोलतो आणि लहान मान डोलावतो. रेकॉर्डिंगपूर्वी परवानगी घ्या. रझाकारांच्या काळातल्या आठवणी निघाल्या तर कोणाचे नाव छापायचे, कोणाचे नाही, ते त्या कुटुंबांना विचारूनच ठरवा.

लिहिताना

तारखांचा तक्ता आधी करा: काय घडले, केव्हा, पुरावा कोणता, खात्री किती. खात्रीच्या रकान्यात तीनच शब्द ठेवा: पक्की, संभाव्य, ऐकीव. त्या दिवसाचा कागद असेल तर पक्की. रूळ, कौल, उंबरा यांवरून काढलेली संभाव्य. दोन माणसांनी वेगवेगळी सांगितलेली आठवण जुळली तरी कागद मिळेपर्यंत ती ऐकीवच. हा रकाना छापील पुस्तिकेतही ठेवा, कारण पुढे कोणाला नवा कागद मिळाला तर नेमकी कोणती ओळ बदलायची ते त्यावरून कळते.

पुस्तिकेच्या प्रती स्टेशन मास्तरांकडे, तालुक्याच्या वाचनालयात आणि गावच्या शाळेत द्या. स्कॅन आणि रेकॉर्डिंग दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. फाइलच्या नावात स्टेशन, विषय आणि साल असू द्या, आणि साल संभाव्य असेल तर नावातच "अंदाजे" लिहा.